चांदणीबागेतील धूरगाडी पूर्वीप्रमाणे न येण्याबाबत

प्रति,
मा. हिवताप अधिकारी,
चांदणीबाग प्रभाग कार्यालय,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : आमच्या गल्लीतील धूरफवारणीकडे पूर्ववत दुर्लक्ष होण्याबाबत.
संदर्भ : धूर मिळण्यासाठी मीच केलेले मागील अर्ज (उत्तर अप्राप्त).

महोदय,

विनंती चमत्कारिक आहे याची मला जाणीव आहे. तरी कृपया शेवटपर्यंत वाचावी.

१. मी निवृत्त ग्रंथपाल आहे. शहरातील एका रुग्णालयात हिवतापाच्या नव्या लसीची प्रौढांवर चाचणी चालू आहे. निरुपद्रवी केलेला एक विषाणू हिवतापाच्या जंतूची खूण शरीरात पोहोचवतो, म्हणजे शरीर आधीच सावध होते, असे माझे वाचन आहे. चूक असल्यास क्षमा असावी. निम्म्यांना ही लस दिली आहे, निम्म्यांना दुसरीच. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. माझी निवड आयुष्यात प्रथमच कशासाठी तरी झाली आहे.

२. चाचणीच्या डॉ. चारुता म्हणाल्या, "काका, रोज राहता तसंच राहा." टंचाईमुळे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते. ड्रम कोरडे करण्याची आपली सूचना त्यामुळे कोणी पाळत नाही आणि डासांची वाण नव्हती. परंतु मी लस घेतली आणि दुसऱ्याच संध्याकाळी, इतकी वर्षे न आलेली आपली गाडी आली. आता मला ताप आला नाही, तर श्रेय लसीचे की आपले? डॉक्टरांना विचारण्याचे धैर्य होत नाही. त्यांनी माझे नाव काढले तर?

३. फक्त आमचे घर वगळा, असे लिहिणार होतो. पण धूर भिंत मानत नाही. शेजारचे नानासाहेब, मूळ देवगाव रंगारीचे, म्हणाले, "काका, लई वर्षांनी गाडी आली, तिला नाय म्हनता व्हय? आमच्या लेकरांनी कुठं लस घेतलीय?" तेव्हापासून गाडी आली की मी खुर्ची घेऊन, जेथे धूर पोहोचत नाही अशा गल्लीमागच्या नाल्याकाठी बसतो आणि बाह्या वर करून धुरामुळे बुडालेले चावे भरून काढतो.

४. माझी पत्नी यमुनाबाई हिला हे पटले नाही. "आयुष्यभर डास मारले, आता त्यांना जेवायला वाढायचं? वाढा, मीही पंगतीला बसते," असे म्हणून ती स्टूल घेऊन शेजारी बसू लागली. तिला लस नाही. घरी जा म्हटले की म्हणते, "तुम्ही उठा आधी." परवापासून तिला कणकण आहे. रक्तात हिवताप निघालेला नाही, परंतु उद्या पुन्हा तपासण्यास सांगितले आहे.

५. सबब, विषयात केलेली विनंती मी येथेच मागे घेतो. (अर्ज पुन्हा लिहिण्यास सवड नसल्याने विषय तसाच राहिला आहे.) गाडी नियमित पाठवावी, नाल्यापर्यंत पाठवावी. शक्य असल्यास आपल्या धुराने डास मरत नाहीत, असा दाखला शिक्क्यानिशी द्यावा, म्हणजे माझे नाव चाचणीत राहील. ते अडचणीचे असल्यास नाव गेले तरी चालेल. गाडी मात्र आजच यावी.

आपला नम्र व ओशाळलेला,
(सही)
हेमचंद्र वासुदेव पाटोदकर
दि. १४ मे २०२४

सोबत : १) चाचणीतील सहभागपत्राची प्रत. २) पत्नीच्या रक्ततपासणीचा अहवाल.