तळहातावरचं पितळी घड्याळ

गुरुवार संध्याकाळ, जिद्दा

आज नूराने ते प्रवासी घड्याळ चालू केलं. मी हातसुद्धा लावला नाही.

तळहातावर मावेल एवढं पितळी घड्याळ. वर उचलायला कडी, चारी बाजूंनी काच. पूर्वी लोक प्रवासात सोबत नेत. आतली पट्टी काढली तर तिची मागची बाजूही आरशासारखी घासलेली. नूराने विचारलं, "उस्ताद, ही बाजू कोण बघणार होतं?"

"तू," मी म्हटलं. ती हसली आणि तिने पुन्हा भिंगाला डोळा लावला.

कामावर सौदी माणसं ठेवायचा नियम आला म्हणून ती या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आली. माझ्याच जागी बसणार, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी मन लावून शिकवलं. का? तिचा हात चांगला होता, म्हणूनच असेल.

दुकान बंद करताना माझा कफील, म्हणजे दुकानाचा मालक, हळूच म्हणाला, "नूराला आता जमतंय. तुझा इकामा या वेळी वाढवणार नाही." इकामा संपला की या देशात राहता येत नाही.

राग यायला हवा होता. आला नाही. डोळ्यांसमोर ती घासलेली बाजूच येत राहिली. कुणीतरी पाहिली शेवटी.

मग रत्नागिरीला हसीनाला फोन लावला. बायकोला हे कसं सांगायचं, म्हणून अडखळत सांगितलं. तिने एवढंच विचारलं,

"म्हणजे कायमचे येताय?"

"हो."

"मग माझं शिवणाचं टेबल खिडकीशी सरकवून ठेवते. तुम्हाला कामाला उजेड लागेल."