मडमेची छीट

शिरूर,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय जस्मिन,

तुला, मल्हाररावांना आणि सुलक्षणाला सलाम. माझं बरं आहे. गुडघे कुरकुरतात, पण शिवणक्लासच्या जिन्यापुरतेच. चर्चला नवा रंग दिलाय, असला भडक की पाळकसाहेब स्वतःच डोळे मिचकावत उपदेश करतात. तुमच्या गल्लीतल्या कस्तुराबाई इथं लग्नाला आल्या होत्या. सुलक्षणाला सातवा लागल्याचं आणि ती बाळंतपणाला तुझ्याकडं आल्याचं त्यांनी सांगितलं. तू कळवलं नाहीस. मी तरी कुठं विचारते? नाताळच्या फोनवर दोन मिनिटांत तू "बरं, ठेवू?" म्हणतेस, म्हणून हे कागदावर.

गेल्या आठवड्यात पुण्याहून सत्यजीत नावाचे एक संशोधक आले. जुन्या कापडांचा अभ्यास करतात. पाळकसाहेबांनी त्यांना माझ्याकडं धाडलं. मी ट्रंक उघडून मडमेची छीट दाखवली.

हो, तीच. पणजीला मिशनच्या मडमेनं दिलेली फुलाफुलांची सुती चादर, जिच्यावर आपल्या घरातलं प्रत्येक मूल बाप्तिस्म्याच्या दिवशी निजवलं. तुला आणि मलासुद्धा. तिला उंदीर कधीच लागले नव्हते, जस्मिन. ते पुढं सांगते, आधी हे ऐक.

मी ऐटीत म्हणाले, "अस्सल विलायती आहे." ते भिंग लावून बघत बसले आणि म्हणाले, "मावशी, कापड विलायतेचं खरं, पण फुलं एकट्या विलायतेची नाहीत." आंध्राच्या किनाऱ्यावर कारागीर अशी फुलं हातानं रंगवायचे. कंपनीनं ती कापडं जहाजं भरून तिकडं नेली. तिकडच्या बायकांना ती इतकी आवडली की व्यापारी लंडनहून नमुने पाठवायला लागले, अशी फुलं काढा म्हणून. आपल्या लोकांनी कधी न पाहिलेली फुलं अंदाजानं काढली. मग तिकडच्या गिरण्यांनी त्याचीच नक्कल छापली आणि इथं आणून आपल्यालाच विकली. आता कुठलं फूल कुणाचं, हे त्यांनाही सांगता येईना. त्यांनी मला एक तुटकं पान दाखवलं. दर दीड वितीवर तेच पान, तिथंच तुटलेलं. हातानं काढणारा चुकेल, पण एकसारखा चुकणार नाही. हे गिरणीत फिरत्या कोरीव रुळानं छापलेलं. चाळीस वर्षं शिवण शिकवते मी, आणि मला कधी दिसलं नाही. माझाच राग आला मला.

सुलक्षणाच्या बारशाला तू पाळण्यात घालायला छीट मागितलीस, तेव्हा मी उंदरांनी कुरतडली म्हणाले. मला वाटायचं, कापड मडमेचं म्हणजे चर्चचं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणणाऱ्या घरात ते कसं द्यायचं? तेव्हा याला मी धर्म राखणं समजले. खरं तर तू मनासारखं लग्न करून गेलीस आणि मी आईपाशी राहिले, त्याचा तो राग होता.

एवढंच असतं तर फोनवर बोलले असते.

आईनं तुझ्यासाठी छीट धुऊन घडी करून ठेवली होती. मला म्हणाली, "दे तिला. लेकरू हाय, कुणाच्या बी घरचं आसंना." मी घडी दडवली आणि आईला सांगितलं, जस्मिनला आपलं कापड नको, सासरी चालत नाही म्हणाली. आईनं बारशाला यायला काढलेलं लुगडं परत पेटीत ठेवलं. "मंग मी बी नको आसंल," एवढंच बोलली.

लग्नावरून रागावली म्हणून आई आली नाही, असं तू समजत आलीस. तिच्या मयतीला तेच म्हणून रडलीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते आणि गप्प होते.

सत्यजीतना छीट प्रदर्शनात मांडायची आहे. मी सांगितलं, माझी नाही, बहिणीला विचारा. सोमवारी दौंडच्या एसटीनं ती घेऊन येते. दारातूनच घेतलीस तरी चालेल, आत बोलावलंच पाहिजे असं नाही. हे पत्र मल्हाररावांना वाचून दाखव. मी त्यांच्या घराच्या नावावर खोटं बोलले आहे.

आई तुझ्यावर कधीच रागावली नव्हती. माझ्यावर रागवायला हवं होतं, ते तिला ठाऊक नव्हतं. आता तुला ठाऊक आहे.

तुझी,
रोझीआक्का