हात जड असल्याच्या शेऱ्याविषयी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, पोहण्याच्या तलावाच्या भिंती सत्तावीस वर्षं घासून मग घरी बसवलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. माझं मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी रागात आहे, हेही इथे नोंदवते. रागात केलेला कागद चालतो का, असं मी वकीलबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, राग चालतो, दडपण चालत नाही. दडपण माझ्यावर कुणाचंही नाही. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम एक. राहतं घर, म्हणजे पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली, माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावं. घर माझ्या नावावर आहे. मागच्या खोलीबद्दल कलम चार पाहावं. स्वयंपाकघरातला गळका नळ मुलीने आधी दुरुस्त करून घ्यावा. मी सांगून सांगून थकले.

कलम दोन. बँकेत जे काही असेल तेही मुलीचंच. त्याचं काय करायचं ते तिने ठरवावं, जावयांनी नाही. जावई चांगले आहेत, पण सल्ले फार देतात.

कलम तीन, माझा ब्रश. मुलगी म्हणते, आई, ब्रश कोण मृत्युपत्रात लिहितं? मी लिहिते. दीड फुटी नायलॉनचा ब्रश, दोन्ही टोकं वर वळलेला, लांब दांड्यासकट, तलावावर माझ्या जागी जी बाई काम करते तिला द्यावा. देताना हे वाचून दाखवावं. बाई गं, आधी भिंत कशाची आहे ते बघ, मग ब्रश उचल. नुसत्या सिमेंटच्या गिलाव्याला तारेचा ब्रश चालतो, कारण शेवाळ त्याच्या खरबरीत अंगात रुतून बसतं. टाइल्सना तार लावायची नाही म्हणजे नाही. चकाकी जाते, ओरखड्यांत शेवाळ आणखी घट्ट धरतं, आणि तारेचे तुकडे तुटून सांध्यांत अडकले की गंजतात. दुकानदार काही का सांगेना, ब्रश ओला करून मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघ. लाल रेघ उमटली तर तो टाइल्सचा ब्रश नाही. टोकं वळलेली नसतील तर घेऊच नकोस, कोपरे तसेच राहतात आणि बोलणी तुला बसतात.

कलम चार, भाऊजी. हे माझे धाकटे दीर. तलावावर देखरेखीला होते, म्हणजे आम्ही घासायचो आणि ते बघायचे. जुन्या सिमेंटच्या भिंतींना टाइल्स बसवल्या तेव्हा तारेचे ब्रश टाकून द्या म्हणून मी त्यांना तीनदा सांगितलं. चांगले आहेत, असू द्या, म्हणाले. पुढे मुलीच्या बाळंतपणासाठी मी आठ दिवस रजेवर गेले. नेमकी तेव्हाच तपासणी येणार असल्याचं कळलं आणि भाऊजींची गाळण उडाली. त्यांनी स्वतः तारेचा ब्रश उचलला आणि भिंती खसाखसा घासल्या. मी परत आले तेव्हा टाइल्सवर ओरखडे होते, आणि पंधरा दिवसांत भिंतभर गंजाचे ठिपके आले. चौकशी बसली. साहेबांसमोर भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनींचा हात जड आहे, साहेब."

माझा हात जड म्हणे! त्याच महिन्यात याच हातांनी मी आठ दिवसांच्या नातीला अंघोळ घातली होती आणि ती रडलीसुद्धा नव्हती. नोंदवहीत शेरा पडला, "कामगाराचा हात जड, कामावरून कमी." सत्तावीस वर्षांवर तेवढी एक ओळ. आज अकरा वर्षं झाली, अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

त्या सांध्यांतून चिमट्याने काढलेले तारेचे सतरा तुकडे मी औषधाच्या डबीत जपून ठेवले आहेत. ती डबी भाऊजींना मिळावी.

माझे यजमान जाताना म्हणाले, धाकट्याला घराबाहेर काढू नकोस. मी शब्द दिला. तेव्हापासून नऊ वर्षं भाऊजी मागच्या खोलीत राहतात, याच जड हातचं दोन वेळा जेवतात आणि वर आणखी वाढा म्हणतात. विषय काढला की, वहिनी, जुनं कशाला उकरून काढता, असं म्हणून पेपरात तोंड घालतात. यजमानांना दिलेला शब्द मी जिवंत असेपर्यंतचा होता आणि तो मी पाळला आहे. त्यापुढची अट अशी. माझ्या मृत्यूनंतर एका महिन्याच्या आत भाऊजींनी त्या नोंदवहीत, त्या शेऱ्याखाली, स्वतः लिहावं, "ब्रश माझ्या हातात होता." वही अजून ऑफिसच्या कपाटात आहे, मी जाऊन बघून आले. लिहिलं तर मागची खोली हयातभर त्यांची. नाही लिहिलं तर मुलीने खोली रिकामी करून घ्यावी. तिला दया येईल हे मला ठाऊक आहे. तिने ती आवरावी.

कलम पाच. तलावावर एक जीवरक्षक होता, त्याला सगळे शिट्टीवाला म्हणत. भाऊजी तार फिरवत होते तेव्हा तो समोर उंच खुर्चीवर बसलेला होता. चौकशीत मात्र त्याने कानावर हात ठेवले. निवृत्त झाल्यावर एकदा बाजारात भेटला आणि मान खाली घालून म्हणाला, "बाई, मी सगळं पाहिलं होतं." मी म्हटलं, मला काय सांगतोस, मला ठाऊकच आहे, ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायचं होतंस. त्याला मी काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला या कागदातून काही घेता येत नाही असं वकीलबाई सांगतात, आणि दुसरा साक्षीदार म्हणून मी त्यालाच बोलावलं आहे. माझी सही होताना त्याने फक्त बघायचं आहे. बघण्यात तो पटाईत आहे. साडेदहाला येतो म्हणाला होता, पावणेअकरा झाले.

आला. वरचा सगळा मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आहे आणि आता त्यांच्यासमोर सही करत आहे.

(सही)

साक्षीदार पहिली: शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई. यांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरा: तलावाचा निवृत्त जीवरक्षक. बाईंनी सही केली ती मी पाहिली. त्या दिवशी सकाळी तारेचा ब्रश त्यांच्या दिरांच्या हातात होता, तेही मी पाहिलं होतं. तेव्हा नोकरीला भ्यालो. (सही)

वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराने एवढं लिहायचं नसतं. मी म्हटलं, राहू द्या, खोडू नका. कलम चारमधली अट मात्र कायम आहे. शिट्टीवाला बोलला म्हणून भाऊजी सुटले नाहीत. हा कागद मी वाचला तेव्हा मागच्या खोलीचं दार उघडं होतं.

स्थळ: माझं स्वयंपाकघर
दिनांक: चौदा मार्च, सकाळी सव्वाअकरा