पदकावरची नऊ अक्षरं

९ नोव्हेंबर, रविवार

शुक्रवारच्या नोंदीत मी लिहिलंय — ‘मामूंनी विचारलं म्हणून सांगितलं.’ खोटं! रफिकमामूंनी मला काहीच विचारलं नव्हतं. मीच बोलले. ती ओळ खोडत नाही. दिसू दे तशीच.

झालं ते असं. इथं आखातात, अल मजाज भागात मामूंच्या घरी उझमाच्या घरचे जेवायला आले होते. मामूंच्या रिझवानसाठी तिला मागणी घातली आहे. जेवणं झाल्यावर मामूंनी नानांचं पदक काढलं. नाना, म्हणजे मामूंचे वडील, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत जहाजावर आगवाले होते, बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे.

“हा बघा सहावा जॉर्ज. आणि कडेनं लिहिलंय — राजा आणि हिंदचा बादशहा!” सोबतचं पत्र १९५० सालचं.

आणि मी म्हटलं, “मामू, हिंदचा बादशहा ही पदवी त्यानं अठ्ठेचाळीसातच सोडली. पन्नास साली दिलेल्या पदकावर ती कशी असेल? नकली असणार.”

उझमाचे वडील हसले. “म्हणजे चोरबाजारचा माल!”

मामूही हसले. “पोरगी शिकली, आपण खलास!” पदक रुमालात गुंडाळलं. नंतर चहा घेतला नाही त्यांनी.

१० नोव्हेंबर

मला शाळेत सीट मिळत नव्हती तेव्हा दोन वर्षं मामूंनीच घरी शिकवलं. ड्युटीवरून यायचे, ग्रीसचे हात घासून धुवायचे, मग बसायचे. इंग्रजी अक्षरं त्याच पदकावरून — माझं बोट धरून कडेकडेनं फिरवायचे. पुस्तक नंतर आलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मी चुकले.

शाळेत मी कावेरी मॅडमच्या हाताखाली इतिहास शिकवते. आज धीर करून त्यांना विचारलं. म्हणाल्या, “अगं, साचा लढाई संपली तेव्हाचा. वाटप पुढे कित्येक वर्षं चाललं. पदवी गेली म्हणून तयार पदकं कोण वितळवतंय?” कपाटातून पुस्तक काढून दाखवलं. तेच डोकं, तीच अक्षरं.

म्हणजे नानांचं पदक अस्सल असणार! आणि मला फक्त एक साल पाठ होतं.

मामूंना फोन लावायला घेतला. ठेवला. असं फोनवर सांगतात का? समोर जाऊन सांगेन.

१३ नोव्हेंबर

नाही गेले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गेले. दार मामूंनीच उघडलं. “या या, मास्तरीणबाई!” टोमणा होता की लाड, कळलं नाही.

मैमुनाबी मामींनी सांदणं केली होती. रिझवान समोर बसलेला. म्हटलं, एकटे असताना बोलू. सगळ्यांसमोर चूक काढली, आणि माफीला मात्र मला आडोसा हवा!

निघताना मामू लिफ्टपर्यंत आले. आम्ही दोघंच.

“मामू, ते पदकाचं —”

“छोड बेटा. काम चालू आहे त्याचं.”

कसलं काम, मी विचारलं नाही. लिफ्ट आली. दार बंद झाल्यावर सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी मामूंनी फोटो पाठवला. राजाचं डोकं आहे तसंच आहे. कडेची शेवटची नऊ लॅटिन अक्षरं, INDIAE IMP, नाहीत. ‘हिंदचा बादशहा’ होतं तिथं धातू नुसता चकचकीत, ओरखडे पडलेला.

खाली त्यांचा आवाज — “आमच्या गॅरेजच्या लेथवाल्याकडून कानस मारून घेतली. बादशहा काढला, राजा ठेवला. तू बोललीस तसं दुरुस्त केलं. आता कुणी नकली म्हणणार नाही. बरोबर ना, बेटा?”

तीनदा ऐकलं. शनिवारी लिफ्टपाशी ती अक्षरं कदाचित अजून होती.

१९ नोव्हेंबर

मामूंना अजून उत्तर दिलेलं नाही. उझमाच्या घरचे तारीख ठरवायला परत येणार आहेत, आणि मामू ते पदक पुन्हा काढणार आहेत. त्यांनी काढायच्या आधी मी उभी राहीन, तिच्या वडिलांसमोर, सगळ्यांसमोर, आणि सांगेन — पदक अस्सलच होतं, चूक माझी.

येत्या शुक्रवारी, २१ नोव्हेंबरला. जुम्म्याच्या नमाजनंतर, ताटं मांडायच्या आधी.