तुमच्या पेटीतला गंधार

बाबा, आज नाटकाच्या तालमीत तुमची आठवण आली, तीही भलत्याच ठिकाणी. इथे अंबरनाथ पूर्वेला आमच्या हौशी मंडळींनी एक नाटक बसवलंय. एका संस्थानातले दोन रचनाकार, दोघेही बंदिशी बांधणारे. धाकट्याच्या बंदिशी लोकांच्या तोंडी बसतात आणि थोरल्याच्या पोटात दुखतं. शेवटी थोरला धाकट्याची पेटी बिघडवतो. आमच्या दिग्दर्शकाने मला विचारलं, "ताई, तुम्ही पेट्या रिपेर करता ना, मग सांगा. सुरुवातीला कळणार नाय आणि ऐन रंगात दगा देईल, असं काय करायचं?" मी पटकन सांगून टाकलं. एका सुराच्या पितळी पट्टीच्या टोकाला मेणाचा कण चिकटवायचा, त्या कणाचं वजन धरून सूर लावायचा. वाजवता वाजवता कण सुटला की सूर चढतो. "ताई, कोणावर ट्राय केलंय काय?" तो म्हणाला. मी हसले. पण घरी येईपर्यंत एकच विचार, हे मला सुचलं कुठून? तुम्ही तर शिकवलं नव्हतं.

तुम्ही शिकवलं ते आपल्या उल्हासनगरच्या दुकानात, त्या दिवशी. कुळगावचे बुवा पेटी घेऊन आले होते. तुम्ही दोघेही संगीत नाटकांना चाली बांधायचात आणि गाव त्यांच्याच चाली गुणगुणायचं. घरी त्यांचं नाव निघालं की तुम्ही जेवता जेवता उठायचात. दुसऱ्या दिवशी त्यांचा प्रयोग, आणि पेटीतली पंचमाची पट्टी मोडलेली. तुम्ही सकाळपासून मान खाली घालून बसला आहात. शेजारचा सिंधी कापडवाला दोनदा डोकावून जातो, "मास्टरजी, खाना तो खा लो." तुम्हाला ऐकूच येत नाही. बाजारात तसा पंचम मिळत नाही, म्हणून तुम्ही स्वतःची पेटी उघडता आणि तिचा पंचम काढून त्यांच्या पेटीत बसवता. मी चिडून म्हणते, "त्यांना कशाला आपला?" तुम्ही वर न बघता म्हणता, "पेटी आलीय रिपेरला, मानूस नाय. कानस दे इकडं." प्रयोगाला तुम्ही मागे उभे होतात. टाळ्या पडल्या तसे तडक निघालात आणि पुढे आठ दिवस घरी कोणाशी नीट बोलला नाहीत.

मला तेव्हा वाटलं, तुम्हाला मत्सर नव्हताच. आता वाटतं, चांगला घसघशीत होता. मग कानस हातात असताना तो कुठे गेला होता? ते मला तुम्हाला विचारायचंय. मेणाची युक्ती तुम्हालाही त्या दिवशी सुचली होती का? खरं सांगा, मी रागावणार नाही.

विचारायला कारण आहे. या नाटकातल्या गाण्यांना चाली बांधायचं काम आधी माझ्याकडे होतं. मग बदलापूरचा एक मुलगा आला, माझ्या अर्ध्या वयाचा. आता सात गाण्यांपैकी पाच त्याची आहेत, आणि खरंच चांगली आहेत. भाजी चिरताना मीच ती गुणगुणते आणि स्वतःवर वैतागते. परवा प्रयोग आहे आणि त्याची पेटी माझ्या टेबलावर. गंधार मोडलाय. "काकी, तुमच्याच हातची हवी," म्हणाला. पाया पडला वर.

पेटी लावून झाली. मेणबिण काही नाही, घाबरू नका. भाता घट्ट केला, एकेक सूर दोनदा तपासला. गंधार बाजारातला नवा घातलाय. ठीक वाजतो, प्रेक्षकांत कोणाला कळणार नाही. तुमची पेटी शेजारीच उघडी होती, तिचा गंधार अजून तसाच गोड आहे. तो काढायला पेचकसही लावला होता मी. मग पेचकस परत ठेवून दिला.