कूलरमागची भिंत

जवाहरनगर. रविवार, संध्याकाळ.

आज एकदाचा कूलर काढला. थंडी पडली तेव्हा कुठे. खोलीला खिडकी एकच, आणि पावसाळाभर तिच्यात हाच बसलेला, वरून पन्नी बांधून. जड धूड, उन्हाळ्यात पुन्हा लावायचंच, मग काढतो कोण?

मागची भिंत काळी. सासऱ्यांच्या उशीपर्यंत बुरशी.

किती दिवस म्हणत होते, "बाई, कूलर काढ ना, खिडकी खोल. कोंदट वास येऊन राहिला." मला तो टोमणा वाटला. गावी एकोडीला ओसरीत झोपणारा माणूस, त्याला हे सरकारी क्वार्टर कशाला आवडेल! वास जावा म्हणून मी उदबत्ती लावायची. खोकणाऱ्या माणसाच्या उशाशी उदबत्ती! परवा ते पिशवी घेऊन गावी निघाले, तर थांबा एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

भिंत साबणाच्या पाण्यानं घासली, कोरडी पुसली. खिडकी सताड उघडी ठेवली. मग सासऱ्यांना फोन लावला. मामाजी, परत या, म्हणायचं होतं. आधी त्यांनीच विचारलं, "खिडकी खोलली का?"

"हो, मामाजी."

"बरं झालं बाई. तू बी रातभर खोकलत होतीस."