दुधातल्या दाळ्या

२० एप्रिल १९८९, गुरुवार
खताच्या दुकानदाराने ह्यांना ही डायरी दिली होती. हे तिच्यात केळीच्या पाण्याच्या पाळ्या लिहिणार होते. चार पानं लिहिली न् कंटाळले. बाकीची आता माझी. मी तिसरी पास आहे. म्हणजे परीक्षेला बसले होते, निकाल आणायला कोणी गेलं नाही.

तर सोनल आली! अभिमनची मुलगी, माझी एकुलती एक नात. धुळ्याला असते. सहा वर्षांची झाली पण अंगावर काही नाही, हनुवटी तेवढी दिसते. हनुवटी माझ्यावर गेली आहे. पूर्ण सुटी आता माझ्याजवळ काढणार.

सूनबाई प्रमिला सोडायला आली होती. तिला ऑफिस, लगेच उलट्या बसने परत. तिने स्टँडवरच सगळं सांगितलं. धुळ्याचे डॉक्टर फार रागावले म्हणे. पोरगी सकाळी बिस्किट, टोस्ट, पाव, नाहीतर पाकिटातल्या त्या वळवळत्या शेवया खाते न् मग तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही, रडते. पाकिटाचं सगळं बंद. घरचंच द्यायचं. बस सुटली तेव्हा खिडकीतून ओरडून सांगितलं, सकाळी दाळ्या द्या आई, तुपावर परतून, दुधात शिजवून! ड्रायव्हर भोंगा वाजवतच होता, पण माझे कान चांगले आहेत.

आणि म्हणाली, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला येते, तोवर फरक पडला नाही तर सोबत घेऊन जाईन, तिथं डॉक्टर जवळ आहेत.

घेऊन जाईन म्हणे! जून उजाडेपर्यंत नात इथून हलणार नाही. हा माझा निश्चय.

प्रमिलाने बिस्किटांचा एक डबा पण दिला आहे. फारच हट्ट केला तर एखादं द्या म्हणे. मी तो ज्वारीच्या कोठीत खोल पुरला.

२१ एप्रिल
दाळ्या म्हणजे फुटाण्याची डाळ. आम्ही ती गुळाबरोबर मुठीमुठीने खातो, बाजाराला जाताना पदराच्या ओट्यात बांधून नेतो. दुधात शिजवलेली उभ्या जन्मात पाहिली नाही. पण डॉक्टर एवढा शिकलेला माणूस, उगीच सांगेल का? प्रोटीन असणार.

तुपावर परतली, दूध घातलं. वास जरा ओल्या भिंतीसारखा आला. सोनलने एक चमचा तोंडात घेतला न् तो तिथंच ठेवला. गिळेना, थुंकेना. नुसती माझ्याकडे बघत बसली. डोळे माझ्या आईवर गेले आहेत.

मग म्हणाली, गोठ्यात वासराजवळ बसून खाते. मी म्हटलं, जा बाई. घटकाभराने वाटी चाटूनपुसून घेऊन आली! मला रडू आलं. पहिल्याच दिवशी हा रिझल्ट.

२३ एप्रिल
रोज वाटी रिकामी. रोज गोठ्यातच खाते. तांबडी गाय नुकती व्याली आहे, तिचं वासरू सोनलला फार आवडतं. तांबडीसाठी हे रोज सकाळी गोठ्यातच चुलीवर थुली शिजवतात. गव्हाचा भरडा, भरपूर गूळ, वरून तूप. म्हाताऱ्याला हाताने शिजवायची हौस. माझ्या बाळंतपणात पाणी सुद्धा तापवलं नव्हतं.

मी म्हणते, आपली कळण्याची भाकर काय, थुली काय, हे रोजचंच. त्यात काय डॉक्टरकी आहे? नवीन ज्ञान पाहिजे.

२४ एप्रिल
कोठीतून ज्वारी काढताना डबा हाताला लागला. उन्हाळ्यात बिस्किटं मऊ पडतात. पोरीला द्यायची वेळ आली न् मऊ निघाली तर? चहात एक बुडवून बघितलं. मऊ लागलं. चहामुळे की मुळातच, ते कळायला दुसरं घ्यावं लागलं.

२७ एप्रिल
पोट साफ!! सोनल हातात पाण्याचा डबा घेऊन उड्या मारत गेली न् गाणं म्हणत आली. मी लगेच शेजारच्या बेबाबाईला सांगायला गेले. तिचं माहेर पारोळ्याचं, बोलायला फटकळ. म्हणे, दूधमा दाळ्या? माय वं, हाई काय येडापणा शे! बठ्ठं गाव हसी. मी म्हटलं, हसू दे. हिच्या नातवाला शेंबूड पुसायचं कळत नाही, म्हणून जळते.

आता दाळ्या वाढवायच्या ठरवल्या. उद्यापासून मोठी वाटी.

२९ एप्रिल
ह्यांचं पोट बिघडलं आहे. रात्रभर अंगणात ढोल वाजल्यासारखं. मी विचारलं, काय खाल्लं? म्हणाले, काही नाही. म्हातारपण, दुसरं काय. ओवा दिला.

केळीच्या सोसायटीची मीटिंग होती. ह्यांना एकदम दाराजवळ बसवलं म्हणे, अन् शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या ठेवल्या. गावात मान आहे माणसाला.

२ मे
सोनलच्या गालाला गूळ लागलेला असतो. दाळ्यांत मी गूळ घालत नाही. विचारलं तर म्हणाली, वासराने चाटलं. गोड वासरू आहे.

हे म्हणतात थुली पुरत नाही, भरडा अजून दळून आण. तांबडी फार खादाड झाली आहे. तरी दूध तेवढंच.

डब्यातली बिस्किटं कमी व्हायला लागली आहेत. पण पोरीच्या समोर मोह नको, म्हणून ती संपवणं माझं कर्तव्यच आहे. पाकिटातलं खाऊन काय त्रास होतो तेही कळेल. आतापर्यंत तरी काही त्रास नाही. उद्या पुन्हा बघते.

४ मे
दाळ्यांत आज पिकलेलं केळ कुस्करून घातलं. माझी स्वतःची आयडिया. ह्यांनी गोठ्यातून हात जोडून निरोप पाठवला की केळ नको. ह्यांना कसं कळलं? वास आला असेल. नाक तेज आहे.

७ मे
उद्या आखाजी. निंबाला झोका बांधला, सोनल दिवसभर त्यावरच. वजन वाढलं आहे, फांदी सांगते. प्रमिला सकाळच्या बसने येणार. येऊ दे! काय घेऊन जाते ते बघते. सगळ्यांच्या देखत दाळ्या वाढायच्या, असं ठरवलं आहे. बेबाबाईला मुद्दाम बोलावलं.

८ मे, आखाजी
लिहू की नको?

घागर पुजली, पुरणपोळी झाली, आमरस झाला. प्रमिला आली न् पोरीला बघतच राहिली. गाल बघितले, दंड दाबले. आई, काय जादू केली म्हणाली. मी आत गेले, कढई आणली, दाळ्या वाढल्या. केळ घालून.

प्रमिलाने चमचा फिरवला न् विचारलं, हे काय? मी म्हटलं, तुमच्या डॉक्टरच्या दाळ्या. ती म्हणाली, आई, दाळ्या नाही, दलिया! द-लि-या! मी म्हटलं, तेच ते. ती म्हणाली, तेच कसं? दलिया म्हणजे गव्हाचा भरडा, तुपावर परतून दुधात शिजवतात.

मी म्हटलं, अगं ती तर थुली. ती आम्ही गाईला देतो.

त्यावर सोनल म्हणाली, मला पण देतात आबा. रोज. मी तांबडीच्या आधी खाते.

मग सगळं निघालं. पोरगी गोठ्यात जायची, थुली खायची, न् माझी वाटी हे संपवायचे. टाकून का दिली नाही विचारलं, तर म्हणाले, तू दारात उभी राहून वाट बघायचीस, अन् वाटी रिकामी आली की तुझं तोंड असं फुलायचं, टाकवेना. तांबडीला दिली होती एकदा, तिने तोंड फिरवलं.

बेबाबाई भिंतीला धरून हसत होती. बठ्ठा गावले सांगस म्हणाली. सांगेलच.

एवढ्यावर थांबतं तर बरं. प्रमिलाने बिस्किटांचा डबा मागितला. मी म्हटलं, मुंग्या लागल्या, टाकला. सोनल म्हणाली, मुंग्यांनी नाही, आजीने खाल्ली. चहात बुडवून, कोठीच्या मागे बसून. मीच पाहिलं, आबांना पण दाखवलं.

खोटं बोलत नाही पोरगी. कुणावर गेली काय माहीत.

९ मे
सोनल राहिली! प्रमिला एकटीच धुळ्याला गेली. शाळा उघडेपर्यंत राहू दे म्हणाली. म्हणजे मी जिंकले, असं लिहायला बसले होते.

पण जाताना तिने थुलीचं, दुधाचं, सगळं ह्यांना समजावून सांगितलं. ह्यांना! मला खिडकीतून एवढंच म्हणाली, आई, तुम्ही आराम करा. भोंगा वाजत होता, तरी नीट ऐकू आलं.

बस गेल्यावर घरी येऊन चहाला बसले. सोनलने कप उचलून नेला न् पुढे थुलीची वाटी ठेवली. दम दिला, बिस्किट खाऊन तुझं पण पोट बिघडेल. मी म्हटलं, वासराकडे जा, मी खाते. नाही म्हणाली. मांडी घालून समोर बसली न् डोळे वटारले. एक एक घास मोजला.

शेवटचा घास संपल्यावर म्हणाली, शाबास. मग वाटी मलाच घासायला लावली.